समोरून येणारी माणसं

रंकाळ्याच्या काठावर सकाळी सहाच्या सुमाराला दोन म्हाताऱ्यांचा वाद रंगला होता. एकाच्या डोक्याला कानटोपी, दुसऱ्याच्या हातात काठी. काठीचा उपयोग टेकायला कमी, मुद्दा ठासायला जास्त. "अलीकडं सगळी माणसं उलटीच फिरायला लागल्यात बघ," काठीवाले तात्या म्हणाले. "उलटी म्हंजे?" "म्हंजे आपल्या समोरनं येत्यात. आपल्या अंगानं चालणारं एक तरी माणूस दाव बघू." कानटोपीवाल्या बापूंनी मागं बघितलं, पुढं बघितलं. पुढं लांबवर एक पाठ दिसत होती, तीही वळणाआड गेली. समोरून मात्र तेवढ्यात चार जण येऊन गेले. "व्हय की गा," बापू म्हणाले, पण आवाजात पटल्याची खूण नव्हती. शालिनी पॅलेसच्या बाजूला पाण्यावर धुकं रेंगाळत होतं, संध्यामठ त्यात अर्धा बुडालेला, काठाला केंदाळाचा ओला वास आणि पदपथावर बुटांची अखंड चरचर. दोघं चालत पुढं गेले. वाद मात्र मिटला नाही.

तात्यांना जे दिसत होतं ते खरंच होतं. त्यावरून त्यांनी काढलेला अर्थ तेवढा तपासायला हवा होता.

समजा, तात्या आणि बापू मिनिटाला ८० मीटर चालतात. सत्तरीच्या गुडघ्यांना ही चाल झकास म्हणायची. बाकीची मंडळी जरा तरणी, मिनिटाला १०० मीटरनं चालणारी. रंकाळ्यावर चाळीस माणसं आहेत आणि त्यातली बरोबर वीस या अंगानं, वीस त्या अंगानं फिरताहेत असं धरू. समोरून येणारा माणूस तात्यांच्या दिशेनं मिनिटाला १०० अधिक ८०, म्हणजे १८० मीटरनं सरकतो. त्यांच्याच अंगानं चालणारा मागून येतो तो १०० वजा ८०, म्हणजे फक्त २० मीटरनं. एका फेरीचं अंतर दोघांनाही तेवढंच कापायचंय, त्यामुळे त्याच वेळात समोरचा नऊदा भेटतो तेव्हा मागचा एकदा गाठतो. रंकाळ्याचा घेर किती, हा प्रश्न इथं येतच नाही. नवास एक हे प्रमाण काढताना तो दोन्ही बाजूंनी उडून जातो. म्हणजे लोकसंख्या अगदी निम्मी-निम्मी असली तरी तात्यांना दिसणाऱ्या दर दहा माणसांत नऊ समोरचीच असणार. एवढंच कशाला, चाळिसातली तीस माणसं तात्यांच्याच अंगानं फिरत असली तरी हिशोब ३० गुणिले २० आणि १० गुणिले १८०, म्हणजे ६०० ला १८००. चारांतली तीन माणसं तरीही समोरूनच येणार. आणि जो इसम नेमका मिनिटाला ८० मीटरनंच, त्याच अंगानं चालतोय, तो तर जन्मात भेटायचा नाही. रोज सकाळी तो वळणाआडच राहणार. त्याच्या असण्याचा पत्ताच नाही.

हेच गणित वर्गात शिकवताना 'वर्तुळाकार मैदानावर अ आणि ब' अशा बेचव नावांनी येतं आणि पोरं सूत्र पाठ करून मोकळी होतात. विरुद्ध दिशेला बेरीज, एकाच दिशेला वजाबाकी. पाठ होतं, पण पोटात जात नाही. पोटात जायला एक युक्ती पुरते: दोघांपैकी एकाच्या खांद्यावर बसायचं आणि तो जागचा हललेला नाहीच असं समजायचं. मग दुसरा आपल्याभोवती एक पूर्ण फेरी मारून परत आपल्यापाशी येईपर्यंत किती वेळ लागेल, एवढाच प्रश्न उरतो. मैदान गोल असलं काय, अंड्यासारखं असलं काय किंवा रंकाळ्यासारखं वेडंवाकडं असलं काय, वाट बंद असली म्हणजे झालं. 'वर्तुळाकार' हा शब्द त्या प्रश्नात निव्वळ शोभेला असतो. त्रिज्या दिली तर परिघ काढण्यापुरती, नंतर तिला कोणी विचारत नाही.

अंबाबाईच्या देवळात याचा उलटा अनुभव येतो. प्रदक्षिणा एकाच अंगानं, देवीला उजवीकडे ठेवून. बेरीज करायला कोणी समोरून येतच नाही, सगळी वजाबाकी. नवरात्रात गर्दी दाटली की सगळ्यांची चाल एकच होऊन जाते, वजाबाकी शून्यावर येते आणि सुरुवातीला जी पाठ समोर दिसली तीच प्रदक्षिणा संपेपर्यंत समोर राहते. देवळात पाठी, रंकाळ्यावर चेहरे. आणखी एक गंमत म्हणजे धावण्याच्या मैदानावर खेळाडू नेमके प्रदक्षिणेच्या उलटे, डावा हात आत ठेवून धावतात. गणिताला त्याचं सोयरसुतक नाही.

आता जरा आकड्यांत उतरू, कारण या प्रकरणाची मजा आकड्यांतच आहे. मैदान ४०० मीटरचं घ्या. अ सेकंदाला ५ मीटर धावतो, ब सेकंदाला ३ मीटर. प्रश्नात हे ताशी १८ आणि ताशी १०.८ किलोमीटर असं लपवून दिलेलं असतं. पाचनं गुणून अठरानं भागलं की मीटर-सेकंदात येतं. अर्धे गुण इथंच सांडतात, अंतर मीटरमध्ये आणि वेग ताशी किलोमीटरमध्ये तसाच ठेवून भागाकार करणारे दर बॅचला निघतात. सेकंदाला ५ मीटर म्हणजे १६०० मीटर ५ मिनिटं २० सेकंदांत. पोलीस भरतीच्या पोरांच्या तोंडी दिवसभर ज्या वेळा असतात त्यांच्या आसपासचा हा वेग आहे, त्यामुळे अ ला हाडामांसाचा माणूस समजायला अडचण नाही. एकाच जागेवरून, एकाच दिशेनं दोघं सुटले तर वेगातला फरक २ मीटर. ४०० भागिले २, म्हणजे २०० सेकंदांनी अ पुन्हा ब ला गाठणार. तेव्हा अ १००० मीटर धावलाय, म्हणजे अडीच फेऱ्या. ब ६०० मीटर, दीड फेरी. दोघं मैदानाच्या बरोबर पलीकडच्या टोकाला आहेत. विरुद्ध दिशेनं सुटले तर ४०० भागिले ८, दर ५० सेकंदांनी भेट.

आणि इथंच तो नेहमीचा घोळ होतो. 'पहिल्यांदा केव्हा भेटतील' आणि 'सुरुवातीच्या जागेवर पहिल्यांदा केव्हा भेटतील' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला सापेक्ष वेग, म्हणजे तीच बेरीज-वजाबाकी, लागतो. दुसऱ्याला लागतो एका-एका फेरीचा वेळ आणि त्यांचा लसावि: अ ला ८० सेकंद, ब ला ४०० भागिले ३ सेकंद, लसावि ४००. म्हणजे ४०० सेकंदांनी अ च्या ५ फेऱ्या, ब च्या ३ फेऱ्या पुऱ्या होतात आणि दोघं सुटलेल्या रेषेवर एकत्र येतात. अपूर्णांकांचा लसावि काढताना ज्यांना घाम फुटतो त्यांच्यासाठी सोपी वाट अशी की मैदान एकच असल्यामुळे मैदानाच्या लांबीला वेगांच्या मसाविनं भागलं तरी तेच उत्तर येतं. ५ आणि ३ चा मसावि १, उत्तर ४००. वेग ४ आणि २.५ असले तर मसावि ०.५, उत्तर ८०० सेकंद. पडताळून पाहा, फेऱ्या १०० आणि १६० सेकंदांच्या, लसावि ८००च.

घोळाचं खरं कारण मात्र वेगळंच आहे. शिकवणारे सोयीसाठी असे आकडे निवडतात की दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच यावं. फेरीला ८० सेकंद आणि १२० सेकंद लागणारे दोघे घ्या. एकाच दिशेनं पहिली भेट काढायची तर गुणाकार भागिले फरक: ९६०० भागिले ४०, बरोबर २४०. ज्याला हे काहीच कळलं नाही त्यानं ८० आणि १२० चा सरळ लसावि काढला, तोही २४०. वहीवर बरोबरची खूण. पोरगं खुशीत घरी जातं आणि ती चुकीची रीत त्याच्या डोक्यात पक्की बसते. परीक्षेत १२० च्या जागी १४० आले की पहिली भेट १८६ पूर्णांक दोन तृतीयांश सेकंदांनी आणि लसावि ५६०. पर्यायांत दोन्ही आकडे टपून बसलेले असतात. चुकीच्या रस्त्यानं बरोबर गावाला पोचलेल्या माणसाला रस्ता चुकला हे पटवणं फार अवघड. निदान सरावाची पहिली चार गणितं तरी अशी देऊ नयेत.

भेटीच्या जागा किती, हा या विषयातला सगळ्यात देखणा प्रश्न. वेगांचं प्रमाण अतिसंक्षिप्त रूपात घ्यायचं. एकाच दिशेला दोहोंची वजाबाकी, विरुद्ध दिशेला बेरीज, तेवढ्या वेगवेगळ्या जागा. ५ ला ३ असेल तर एका दिशेनं दोन जागा, सुरुवातीची रेषा आणि तिच्या समोरचं टोक. विरुद्ध दिशेनं आठ, दर ५० मीटरवर एक. अतिसंक्षिप्त रूप विसरला तो गेलाच. ६ आणि ४ चे वेग दिसले की हात आपसूक 'दोन' लिहितो. पण प्रमाण ३ ला २ आहे, म्हणून जागा एकच. ते दोघं एकाच दिशेनं कितीही वेळ पळाले तरी जेव्हा जेव्हा गाठ पडेल तेव्हा सुरुवातीच्या रेषेवरच पडेल. एकाच्या ३ फेऱ्या, दुसऱ्याच्या २, आणि पुन्हा तीच रेषा. मैदानाच्या बाकीच्या ३९९ मीटरवर त्यांची नजरानजर नाही. भेटी मोजतानाही एक खड्डा आहे. ५ आणि ३ वेगाचे दोघं विरुद्ध दिशेनं सुटले, तर ४०० सेकंदांत किती भेटी, असं विचारलं तर सुटतानाची धरायची की नाही? कुंपणाचे खांब मोजताना होते तीच गडबड. 'सुटल्यानंतर' असा शब्द प्रश्नात आहे का ते आधी बघायचं, मग आठ की नऊ ते ठरवायचं.

तिसरा गडी आला तर सूत्र तेच, फक्त दोनदा. वेग ७, ५ आणि ३. पहिला दुसऱ्याला २०० सेकंदांनी गाठतो, दुसरा तिसऱ्याला २०० सेकंदांनीच, लसावि २०० आणि तिघं एकत्र, पलीकडच्या टोकाला. सुरुवातीच्या रेषेवर तिघं ४०० सेकंदांनी. यात पहिल्या-तिसऱ्याचा वेगळा हिशोब करावा लागत नाही, पहिला दुसऱ्यापाशी आणि दुसरा तिसऱ्यापाशी असला तर पहिला तिसऱ्यापाशी असणारच. (सेकंदाला ७ मीटर म्हणजे १६०० मीटर पावणेचार मिनिटांच्या जरा पुढं. असा गडी कोल्हापुरात निघाला तर त्याला भरतीच्या रांगेत कोण उभं राहू देईल! गणितातल्या माणसांचे वेग असेच, कुणी कासव, कुणी ऑलिंपिकवाला.)

थोडं पुढं-मागं उभं राहून सुटले तर? वर्तुळावर 'पुढे' आणि 'मागे' हे शब्द निसरडे आहेत, आणि इथं हुशार पोरंही घसरतात. ब हा अ च्या १०० मीटर पुढं उभा असेल तर अ ला १०० मीटर भरून काढायचे, भागिले २, उत्तर ५० सेकंद. पण अ हाच ब च्या १०० मीटर पुढं असेल तर? सरळ रस्त्यावर ते कधीच भेटले नसते. इथं भेटतात, कारण अ च्या पुढं ३०० मीटरवर ब ची पाठ आहे. ३०० भागिले २, दीडशे सेकंद. पहिल्या भेटीनंतर मात्र पुन्हा दर २०० सेकंदांचा पाढा सुरू. पहिली भेट वेगळी आणि नंतरच्या वेगळ्या, हे वहीत दोन ओळींत वेगवेगळं लिहावं. एका ओळीत लिहायला जाणारा हमखास फसतो.

खऱ्या मैदानावर यातलं बरंच ढासळतं. प्रमाण ४०० मीटरचा ट्रॅक म्हणजे दोन सरळ बाजू ८४.३९ मीटरच्या आणि दोन अर्धवर्तुळं ३६.५ मीटर त्रिज्येची. आणि ४०० हा आकडा आतल्या कडेवर येत नाही, कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर, धावणाऱ्याचे पाय जिथून जातात त्या रेषेवर येतो. एक लेन १.२२ मीटर रुंद. लेन बाहेर सरकत जाईल तशी फेरी साधारण ७.६७ मीटरनं लांबते. म्हणून वळणावर बाहेरून ओलांडणारा फुकट जास्तीचे मीटर पळतो. अख्खं वळण दुसऱ्या लेनमधून घेतलं तर साडेतीन ते पावणेचार मीटर. अनुभवी धावपटू वळण संपेपर्यंत दबा धरून मागं राहतो आणि सरळ बाजूवर काढता पाय घेतो. आपल्या गणितातले अ आणि ब एकाच रेषेवरून एकमेकांच्या आरपार जातात, दमत नाहीत, पाणी पीत नाहीत. चार फेऱ्यांच्या शर्यतीत पूर्ण एक फेरी खाणं म्हणजे काय हे कागदावर कळत नाही. ५ मीटरवाल्याच्या चार फेऱ्या होताना समोरच्याच्या तीन व्हायच्या, तर त्याचा वेग ३.७५, म्हणजे १६०० ला सात मिनिटांच्या वर. त्या पोराला मागून येणाऱ्याचा श्वास आधी ऐकू येतो, पावलं नंतर. फेऱ्या मोजणाऱ्याच्या कागदावरही मग गोंधळ उडतो, कारण रेषेवर दोघं जोडीनं येतात आणि एकाची चौथी असते, एकाची तिसरी.

भिंतीवरचं घड्याळ हेही असंच मैदान. वेगांचं प्रमाण १२ ला १, दिशा एकच, भेटीच्या जागा अकरा. दोन्ही काटे दर ६५ पूर्णांक ५/११ मिनिटांनी एकमेकांवर येतात, दिवसात २२ वेळा. चोवीस म्हणणाऱ्याचं चुकतं कुठं, तर अकरा आणि बाराच्या मध्ये काटे एकमेकांवर येतात असं तो धरून चालतो. ती भेट बरोबर बारालाच होते.

पण या सगळ्या गणिताचा बापजादा आपल्या देवघरातल्या खिळ्याला टांगलेला असतो. पंचांग. आकाशातली वाट ३६० अंशांची, चंद्र दिवसाला सरासरी १३.१८ अंश चालतो, सूर्य ०.९९. एकच दिशा, म्हणून वजाबाकी: १२.१९. ३६० ला त्यानं भागा, २९.५३ दिवस. ही भेट म्हणजे अमावास्या. सूर्याच्या खांद्यावर बसून चंद्राची फेरी बघायची, ती प्रत्येक १२ अंशांनी पुढं गेली की एक तिथी. तिथी तारखेसारखी ठरलेल्या तासांची का नसते, याचं उत्तरही इथंच आहे. हे दोन्ही धावपटू गणितातल्यासारखे एकसारख्या वेगानं पळत नाहीत, म्हणून बारा अंशांचं अंतर कधी वीसेक तासांत पडतं, कधी सव्वीस तासांच्याही वर जातं. दोन सूर्योदयांच्या मधल्या मध्येच सुरू होऊन संपली ती क्षयतिथी; दोन सूर्योदय बघून गेली ती वृद्धी. आणि अधिक महिना? एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत भेटीची जागा साधारण २९.१ अंश पुढं सरकते, राशी मात्र ३० अंशांची. दर खेपेला अंशाच्या आसपास तूट. ती साठत साठत तेहेतीसेक अमावास्यांनी अशी वेळ येते की एकाच राशीत दोन अमावास्या पडतात, आणि त्यांच्या मधल्या महिन्यात सूर्य राशी बदलतच नाही. संक्रांत नसलेला तो महिना अधिक. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. जावयाला अनारशांचं वाण मिळतं ते या तुटीपायी.

तात्यांचा वाद मिटवायला इतकं लांब जायची गरज नव्हती. स्वतःचा वेग शून्य केला की झालं. काठावरच्या बाकावर बसायचं आणि डावीकडून किती जातात, उजवीकडून किती, ते मोजायचं. बसलेल्याला दोन्ही बाजूंची माणसं त्यांच्या खऱ्या वेगानंच दिसतात, बेरीज-वजाबाकीची भानगड नाही. यातही एक मेख आहेच: झपाझप चालणारा त्याच वेळात जास्त खेपा समोरून जातो, म्हणून एका अंगाला तरणी पोरं आणि दुसऱ्या अंगाला म्हातारे असले तर पोरांचं पारडं खोटंच जड होतं. पण साधारण चाल सारखी असेल तर दहा मिनिटांत निकाल लागावा.

दुसऱ्या दिवशी दोघं खरंच बाकावर बसलेले दिसले. डावीकडची बापूंनी धरली होती, उजवीकडची तात्यांनी, आणि दहा माणसं झाली की एक चिंचोका खिशातून बाकावर. तात्यांचे तीन चिंचोके झाले होते, बापूंचेही तीन. तेवढ्यात गंगावेशीकडून धारोष्ण दूध पिऊन आलेला कुणी ओळखीचा समोर थांबला. "काय तात्या, आज फिरायचं न्हाई?"

"फिरतोय की," तात्या म्हणाले, आणि बापूंकडे वळून विचारलं, "चौतीस झाली न्हवं?"

"तुझी मी कशाला मोजू? आणि ह्यो थांबलाय तो कुठल्या अंगाचा धरायचा, त्ये आधी सांग."